नासिर मिस्त्रीची फरशी

अकोल्यात अजूनही दोन-चार जण असे हायेत जे नासिर मिस्त्रीले माघारी 'हवासोड्या' म्हणतात. माह्यासमोर म्हणून पाहा म्हणा एकदा. साठी उलटली माही, गुडघे गेले, पण हात अजून शाबूत हायेत. त्याईचा राग येतेच मले, पण त्याईच्यापेक्षा जास्त राग माहाच येते. हे नाव त्या माणसाले माह्यामुळं चिकटलं. मी एक शब्द खरा बोललो असतो तं चिकटलं नसतं. तो शब्द माह्या तोंडातून निंगाले सात महिने लागले.

मी महादेवराव. धंदा ड्रायव्हरकीचा. धामणगाव रेल्वे या गावातल्या एका जिनिंगवर बावीस वर्षं ट्रक चालवला, कापसाच्या गाठी मालधक्क्यावर नेल्या. मंग जिनिंगले कुलूप लागलं. ते दोन हजार सहा साल. सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर शेतकऱ्यांच्या मरणाचा आकडा, अन् तो आकडा वाढला की रस्त्यावर पांढऱ्या गाड्या वाढायच्या. कोणी समिती आणे, कोणी शिलाई मशिनी वाटे, कोणी गाई. ज्याले त्याले वऱ्हाडावर उपकार करायची घाई झालती, अन् उपकार करताना फोटोवाला पाहिजेच होता. मी हे सबन पाहिलं हाये, मले कोणी शिकवू नये.

नासिर मिस्त्रीचं दुकान बाळापूर रोडवर. दुकान म्हणजे वर टिना, बाजूनं टिना, अन् खाली फरशी. पण त्या फरशीसारखी फरशी वऱ्हाडात नाई. मिस्त्रीचं काम चासीचं. चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्याच्यावर इंजिन बसते, बॉडी बसते अन् ज्याले चाकं लटकतात. ठोकर लागून चासी वाकली की गाडी नासिरकडे. गवंडी जसा भिंत गुन्यात, म्हणजे काटकोनात, हाये का पाहते, तसा हा माणूस गाडी गुन्यात हाये का ते पाहे. मशीन नाई, काही नाई. एक ओळंबा, सुताची दोरी, खडू अन् टेप.

फरशी त्यानं सवता टाकली होती. एकदा टाकली, पाण्याच्या नळीनं लेव्हल पाहिली, एका कोपऱ्यात उलिशीक उतरली होती. फोडली. दुसऱ्यांदा टाकली, फोडली. तिसऱ्यांदा नळीचं दुसरं टोक धराले रजियाबी, त्याची बायको, उन्हात दुपारभर बसली. ती आजही बोलून दाखवते, "महादेवभाऊ, माह्या घरात मोरीचं पाणी चुलीकडे येते, अन् हे दुकानाची फरशी लेव्हल करून राह्यले होते." त्या फरशीवर हातोडा आपटला तं मिस्त्री शिव्या देत नसे. फक्त पाहे. त्याच्या पाहण्यापेक्षा शिव्या बऱ्या.

जिनिंग बंद पडल्यावर मी अमरावतीच्या कमलाकांत वकिलांकडे लागलो. मोठं घराणं, मोठी प्रॅक्टिस, त्याईच्या वडिलांच्या नावाचा ट्रस्ट. वडिलांची एक पिकअप होती, पन्नास-पंचावन्न सालची, विलायती, पुढून गोल डोळ्यांची. बंगल्यामागच्या शेडमध्ये तीस वर्षं उभी होती. वकीलसाहेबाच्या मनात आलं की हिचाच फिरता दवाखाना कराचा अन् धारणीकडे पाठवाचा, मेळघाटात. वडिलांचं नाव होईन, गरिबाचं भलं होईन, अन् अशी गाडी पाहून पेपरवाले आपोआप येतीन. नवी जीप घेतली असती तं भलं जास्त झालं असतं, पण जीपचा फोटो कोण छापते?

गाडीचा पुढचा एक्सेल गंजून गेला होता, कमान-पाटे तुटले होते. एका वर्कशॉपवाल्यानं ते सबन काढून फेकलं अन् भंगारातल्या नव्या गाडीचा पुढचा अख्खा भाग कापून आणून वेल्डिंगनं चिकटवला. नवी तऱ्हा, ज्यात दोन्ही चाकं आपापली हालतात, गचके कमी बसतात. कागदावर गोठ चांगली हाये. वरून हिरवा-पांढरा रंग मारला, दोन्ही बाजूंनी वडिलांचं नाव लिहिलं, अन् चाबी माह्या हातात दिली.

पहिल्याच दिवशी मले समजलं. बावीस वर्षं काय झक मारली का मी? स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जाये. सरळ चालवाची तं स्टेअरिंग उजवीकडे ओढून धराचं. मागून पाहणाऱ्या एकानं मले हटकलं, "भाऊ, तुमची गाडी खेकड्यावानी तिरपी चालून राह्यली." आठ दिवसांत पुढचा डावा टायर आतून खाल्ला गेला. सपाटीवर मी निभावलं असतं. पण ही गाडी घटांगच्या घाटात चढणार होती, उतरणार होती, अन् मागं बाया बसणार होत्या, दिवस भरलेल्या. मी कोणाले न सांगता गाडी अकोल्याले नेली.

नासिरभाईनं गाडी फरशीवर घेतली. चारी बाजूंनी घोड्या लावून उचलली. चासीले कारखान्यातूनच भोकं पडलेली असतात, डाव्या-उजव्या जोडीनं. प्रत्येक भोकातून त्यानं ओळंबा सोडला, त्याचं टोक थांबलं की फरशीवर खडूनं फुली मारली. अशा दहा फुल्या झाल्या. मंग चार चाकांच्या मधोमध चार. मंग आमी दोघांनी गाडी ढकलून बाहेर काढली, अन् मांगं फरशीवर राहिली ती गाडीची कुंडली.

आता तो एका फुलीपासून समोरच्या तिरप्या फुलीपर्यंत सूत ताणे, मंग दुसऱ्या बाजूनं. दोन्ही तिरकी मापं सारखी आली की चासी गुन्यात. मधली मापं सारखी आली. पुढची आली नाईत. दोन बोटांचा फरक. चाकांची मापं घेतली तं डाव्या बाजूनं पुढचं चाक मागच्या चाकाच्या जवळ, उजव्या बाजूनं दूर.

"पाहा महादेवराव," तो उकिडवा बसून म्हणे, "मागची चाकं निंगाली धारणीले, अन् पुढची निंगाली परतवाड्याले."

चूक कशी झाली तेही त्यानं दाखवलं. कोण्या जमान्यात गाडीले डाव्या अंगानं ठोकर बसली होती, चासीचं डावं शिंग, म्हणजे पुढं निंगालेलं टोक, मागं सरकलं होतं. वर्कशॉपवाल्यानं नवा भाग बसवताना माप त्याच शिंगांपासून घेतलं. पुढून दोन्हीकडे सारखं माप, झालं काम. ज्या खुंट्याले दोरी बांधली तो खुंटाच सरकलेला, हे त्या बह्याडानं पाहिलंच नाई. आरामात घरून डबा खाऊन आला असन अन् ठोकलं असन. अन् वेल्डिंग म्हणजे शेंबूड नुसता. नासिरभाईनं वरचा रंग नखानं खरवडला तं आडव्या बीमच्या जोडाले केसाएवढी चीर गेलेली होती.

"चढतीले काही होणार नाई," तो म्हणे. "उतरतीले ब्रेक मारला की सबन वजन पुढं येईन. या जोडावर. एक दिवस हा जोड सुटन. पंधरा दिवस द्या, मी करून देतो."

मी तसंच जाऊन वकीलसाहेबाले सांगतलं. खरं सांगू? अर्धंच सांगतलं. म्हटलं, "साहेब, पुढून उलिसाक काम निंगालं हाये, पंधरा दिवस लागतीन." साहेब म्हणाले, "अरे महादेव, गुरुवारी उद्घाटन आहे. पाहुणे मुंबईहून निघाले. नंतर काय करायचं ते कर." मी हो म्हटलं. वाकडी हाये, चीर हाये, हे शब्द ओठावर आले अन् तिथंच वाळले. जिनिंग बंद झाल्यापासून पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याले हातात काही येऊन राह्यलं होतं. नासिरभाईले फोनवर म्हटलं, "गुरुवारी परतवाड्याले उद्घाटन हाये, नंतर करू म्हणे." त्यानं फोन ठेवला. मले वाटलं, समजला.

उद्घाटन परतवाड्याले होतं, घाटाच्या पायथ्याशी, मैदानात. मंडप, खुर्च्या, थंड पाण्याचे जार. धारणीकडच्या एका पाड्यावरून केशरबाई नावाची एक कोरकू बाई आणली होती, नवं लुगडं नेसवून. फोटोत पाहिजे होती ना. पाहुणे झेंडी दाखवणार अन् तिले, एका नर्सबाईले अन् आणखी दोन बायांले घेऊन मी लगेच घाट चढणार, असा कार्यक्रम. संध्याकाळी त्याच घाटानं उतरून परत याचं होतं.

पूजा झाली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निंगालं, हार चढला, बंपरवर नारळ फुटला, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली गेली. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं नासिर मिस्त्री येताना दिसला. डोक्यावर टोपी, खांद्यावर पान्यांची थैली. अकोल्याहून पहाटेच्या यष्टीनं निंगाला होता, यष्टी अंजनगावले अडकून पडली म्हणून उशीर झाला. सरळ माह्या खिडकीपाशी आला.

"स्टेअरिंगचा एक बोल्ट काढून खिशात टाकतो," हळूच म्हणे. "आज गाडी हालाची नाई." मंग त्याची नजर बॉनेटवर गेली. "पूजा झाली?"

"झाली."

त्यानं थैली खाली ठेवली. आमच्या धंद्यात एक रीत हाये. पूजा झालेल्या गाडीले दिवस मावळेपर्यंत पाना लावाचा नाई. दसऱ्याले कोण्याही गॅरेजात जाऊन पाहा, मालक हिंदू असो की मुसलमान, हार घातल्यावर नट उघडत नाईत. नासिरभाईच्या बापानं त्याले तेच शिकवलं होतं. दुसरा कोणी असता तं म्हणाला असता, माणसं मरून राह्यली अन् रीत कायची पाहता? हा माणूस नाई म्हणाला तसं. दुसऱ्याच्या देवाचा हार होता, म्हणून तं अजिबात नाई.

मी म्हटलं, "जाऊ द्या ना नासिरभाई. मी हळू चालवतो."

त्यानं माह्याकडे पाहिलं अन् वाकला. मैदानाच्या कडेले बाभूळ होती, तिचा एक लांब काटा उचलला. पुढच्या चाकापाशी बसला, व्हॉल्व्हची टोपी बोटांनी फिरवून काढली, अन् काटा आत दाबला. पाना लावला नाई, नटाले हात लावला नाई. हवा सुटली. एक चाक बसलं, लिंबू चेंगरलं. मंग दुसरं. तिसऱ्यापाशी पोचला तवा लोकांनी पाहिलं.

पुढचं सांगताना आजही माही कानशिलं गरम होतात. चार कार्यकर्ते धावले. एकानं कॉलर धरली, एकानं कानाखाली ठेवून दिली, टोपी खाली पडली ती कोणाच्या तरी बुटाखाली गेली. कोणी तरी म्हटलं, "यायले आपलं चांगलं पाहवतच नाई." यायले म्हणजे कोणाले, ते मैदानातल्या लहान पोट्ट्यालेही समजलं. नासिरभाई ओरडला नाई. एवढंच म्हणे, "गाडी वाकडी हाये. घाटात बाया मरतीन. ड्रायव्हरले इचारा."

वकीलसाहेब माह्याकडे वळले. पाहुणे पाहून राह्यले, फोटोवाले पाहून राह्यले. "महादेव, हा म्हणतो गाडी वाकडी आहे. तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाई साहेब."

दोन शब्द. नासिरभाईनं माह्याकडे पाहिलं, तसं जसं फरशीवर हातोडा आपटल्यावर पाहे. मंग बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या मागं चालू लागला. संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवला त्याले. मी टोपी उचलून झटकली, अन् कोणाले द्याची ते न समजून मंडपाच्या खांबाले अडकवली. असा मी.

पाहुणे तसेच परत गेले. वकीलसाहेब एवढे चिडले की योजनाच गुंडाळून टाकली. "या लोकांचं भलं करायचीच सोय नाही," म्हणे. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून बंगल्यामागच्या शेडमध्ये गेली. फिरता दवाखाना नाई, तं ड्रायव्हर कायले पाहिजे? माहीही नोकरी गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, अन् ते मी सवता मागून घेतलं होतं.

नासिरभाईचं काय झालं ते मी दुरून ऐकत होतो. यष्टी स्टँडवर, पानठेल्यावर. "त्याच्याकडे गाडी नेऊ नोको बे, हवा सोडून देईन." "पूजेची गाडी बाटवली म्हणे त्यानं." ट्रकवाले नांदेडले जाऊ लागले, नागपूरले जाऊ लागले. मी चहा पीत ऐकत बसे. एकदाही म्हटलं नाई की थांबा रे, गाडी खरंच वाकडी होती, मी फरशीवर फुल्या पाहिल्या हायेत. नोकरी गेल्यावर अकोल्यात राहाले आलो होतो, तरी बाळापूर रोडले जाणं सोडलं. लांबून वळसा घालून जाये.

श्रावणात एक गोठ झाली, ती मले मागून रजियाबीनं सांगतली. केशरबाई अकोल्याले आली होती, छोट्या लाइनच्या रेल्वेनं, अडलेल्या सुनेले मोठ्या दवाखान्यात आणाले. सून वाचली. पोरगं वाचलं नाई. ते वाटेतच गेलं, रेल्वे ठेसनावर येताना, चौदा माणसं कोंबलेल्या जीपमध्ये, जीप नाल्यापाशी अडून बसली तवा. सुनेले वार्डात ठेवून केशरबाई इचारत इचारत नासिरच्या दुकानी आली.

"हवा छोडनेवाला तूच क्या?" तिनं इचारलं.

"हां," नासिर म्हणे. "गाडी टेढी थी, बाई."

"टेढी थी तो थी," केशरबाई म्हणे. "थी तो सही."

मंग ती निंगून गेली. रजियाबी म्हणे, त्या दिवशी हे जेवले नाईत. दुपारी फरशी धुवाले घेतली तं त्या गाडीच्या फुल्या सोडून बाकी सबन धुतलं. पांढरा ऑइलपेंट आणला, ब्रश घेतला, अन् एकेक फुली पक्की केली. रजियाबीनं इचारलं, हे कायले? तं म्हणे, "गवाही दुसरा कौन देगा?"

हे ऐकलं तवा मले धरणी पोटात घेईन तं बरं असं झालं. पण तरीही मी गेलो नाई. माणूस किती निगरगट्ट होऊ शकते ते माह्याकडून शिकावं.

दिवाळीनंतर वकीलसाहेबाचा पोरगा अद्वैत नासिरच्या दुकानी आला. पुण्याले शिकून आलेला, जुन्या गाड्यांचा शौकीन. जानेवारीत चिखलदऱ्याले जुन्या गाड्यांची रॅली होती, अन् त्याले आजोबांची पिकअप न्यायची होती. पुण्याच्या जाणकारानं गाडी पाहून सांगतलं होतं की चासीच वाकडी हाये, घाटात नेऊ नका, अन् अशी चासी सरळ करणारा तुमच्याच भागात कोणी तरी असन. पाहा बाप्पा. गरिबाच्या बाया नेताना गाडी ठीक होती. पोरगा बसणार म्हटल्यावर वाकडी निंगाली.

रजियाबी म्हणे, मी तं त्याले पाणीही इचारलं नसतं. पण नासिरनं त्याले बसवलं. "करून देतो," म्हणे. "एक शर्त. ट्रायल माह्या मनाची. गाडी कुठी चालवून पाहाची, किती दिवस, हे मी ठरवीन. मधात मांगाची नाई."

"रॅलीच्या आधी मिळेल ना?" अद्वैत म्हणाला.

"भेटन."

दुसऱ्या दिवशी माह्या घराशेजारच्या दुकानात फोन आला. रजियाबी होती. "महादेवभाऊ, या म्हणे." एवढंच.

मी गेलो. गाडी फरशीवर, पुढचा भाग कापून काढलेला. नासिरभाई चासीखाली. बाहेर आला, माह्याकडे पाहिलं नाई. रजियाबीले म्हणे, "इनसे कहो, साखळी धरे." ती माह्यापासून दोन हातांवर उभी होती. तिनंही मले सांगतलं, "साखळी धरा म्हणतात." तीन आठवडे असंच चाललं. माह्याशी एक शब्द नाई. जे सांगाचं ते बायकोले सांगे. मले हसू याचं अन् त्याच वेळी डोळ्यांत पाणी याचं.

काम मात्र काय केलं त्यानं. डावं शिंग तापवून, साखळी लावून, जॅकनं कणाकणानं पुढं आणलं. एक दाब द्याचा, थांबाचं, थंड होऊ द्याचं, ओळंबा सोडाचा. लोखंडाले सवय असते, म्हणे बायकोले, घाई केली की परत जाते. पुढचा बीम शिंगांपासून नाई, चासीच्या मधल्या भोकांपासून माप घेऊन बसवला. वेल्डिंग असं की बोट फिरवलं तं अडकत नाई. शेवटी पुन्हा दहा भोकांतून ओळंबे सोडले, या वेळी लाल खडू. सूत ताणलं. तिरकी मापं घेतली, एकदा, दोनदा, तीनदा. केसाचा फरक नाई. त्यानं चाबी बॉनेटवर ठेवली अन् रजियाबीले म्हणे, "इनसे कहो, ट्रायल धारणी तक."

मंगळवारी सकाळी निंगालो. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, घटांगचा घाट, सेमाडोह, हरिसाल. उतरतीले ब्रेक दाबला, गाडी सुतात राहिली. हरिसालच्या पुढं सरळ रस्त्यावर मी स्टेअरिंग सोडून दिलं अन् दहापर्यंत आकडे मोजले. गाडी हालली नाई. मी एकटाच होतो, म्हणून मोकळेपणानं रडलो.

धारणीच्या पलीकडे केशरबाईचा पाडा हुडकला. म्हटलं, बाई, कोणाले दवाखान्यात न्यायचं हाये का? ती आत गेली. मंग आतून एका पोरीले घेऊन आली, ताप होता तिले. सवता पुढं, माह्या बाजूले बसली. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. तवा अर्ध्या रस्त्यात केशरबाई म्हणे, "अब सीधी चलती है."

असे सहा मंगळवार. तापाची पोरं, दिवस भरलेल्या दोन बाया, एक म्हातारा, अन् एकदा त्याची बकरी. पेट्रोल कोठून याचं ते रजियाबीनं मले कधी सांगतलं नाई. अद्वैतचा फोन आला की नासिरभाई एकच म्हणे, "ट्रायल बाकी हाये." अन् धंद्यातल्या कोणालेही इचारा, मिस्त्रीनं ट्रायल बाकी म्हटलं की मालकानं गप बसाचं असते.

पण कोणी तरी वकीलसाहेबाले सांगतलंच. रॅलीच्या चार दिवस आधी पांढरी गाडी दुकानासमोर थांबली. साहेब, अद्वैत, अन् परतवाड्याच्या मैदानातले दोन कार्यकर्ते. दुकानात गिऱ्हाईक होतं, शेजारचे टायरवाले होते, चहावाला होता. नासिरभाई एका ट्रकखाली आडवा, नुसते पाय बाहेर. साहेब आवाज चढवून म्हणाले, "माझी गाडी धारणीला जाते, बायका-बकऱ्या भरून? कोण नेतं?"

"मी नेतो," मी म्हटलं.

"तू?" साहेब लोकांकडे वळले. "पाहा. याच मिस्त्रीनं तेव्हा भर कार्यक्रमात हवा सोडली. आता ड्रायव्हर फितवून गाडी पळवतो. यांची जातच तसली."

ट्रकखालचा आवाज थांबला. पाना थांबला.

आता बोललो नसतो तं मंग कधीच बोललो नसतो. मी साहेबाच्या हाताले धरलं, पहिल्यांदा, अन् फरशीच्या मधोमध आणून उभं केलं. "हे पांढरं पाहा साहेब. ही तुमची गाडी, जूनमधली. हे सूत धरा. धरा ना. आता इकडून धरा. दोन बोटं. अन् हे लाल आताचं. मोजा." साहेबानं सूत धरलं. वकील माणूस, पुरावा समजते. चेहरा उतरला.

"तुमी त्या दिवशी मले इचारलं होतं, गाडी वाकडी आहे हे माहीत होतं का," मी म्हटलं. आवाज मोठा होता, चहावाल्याले ऐकू जाईन एवढा. "होतं. फुल्या माह्यासमोर मारल्या. जोडाले चीर गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. मी तुमाले अर्धं सांगतलं अन् मैदानात नाई म्हटलं. खोटं बोललो. या माणसानं त्या बाया वाचवल्या, अन् मी त्याले मार खाऊ दिला. हवासोड्या म्हणाचं तं मले म्हणा."

टायरवाला मान खाली घालून उभा होता, नाव पसरवणाऱ्यात तो पहिला. साहेब माफी मागतीन असं एक क्षण वाटलं, पण ती माणसं माफी मागत नाईत. त्याईनं अद्वैतले गाडी काढाले सांगतलं. अद्वैत जाताना ट्रकपाशी वाकून "थँक यू काका" म्हणाला, तेवढं त्याचं चांगलं. गाडी चिखलदऱ्याले गेली, तिले कप भेटला, पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं की गाडी कशी उत्तम जपली हाये. धारणीकडे फिरता दवाखाना काही गेला नाई. केशरबाई अजून त्याच जीपनं जाते, चौदा जणांत पंधरावी. मले कोणी सांगू नये की सरळ गाडी असली की सबन सरळ होते.

पण त्या दुपारी गाडी निंगून गेल्यावर, लोक पांगल्यावर, मी फरशीवर तसाच उभा होतो. घरी जावं की थांबावं, समजत नव्हतं. रजियाबी भिंतीशी बसली होती. ट्रकखालून एक काळा हात बाहेर आला, पालथा, मंग उताणा झाला.

"महादेवराव," आतून आवाज आला, "अठरा-एकोणीसचा पाना द्या."

रजियाबीनं माह्याकडे पाहिलं. मी थैलीतून पाना काढला अन् त्याच्या हातात दिला.